चिरंजीवाचा पत्ता

वेळेवर मरणाऱ्या वीरांचं एक बरं असतं. त्यांच्या पोवाड्याला शेवट मिळतो, शाहिराला डफ खाली ठेवून पाणी पिता येतं, आणि पुतळा कुठल्या पवित्र्यात उभा करायचा यावर पुढच्या पिढ्यांना समिती नेमावी लागत नाही. आयर्लंडातल्या कू-खुलिनचंच घ्या. उल्स्टर प्रांताचा हा मिसरूड न फुटलेला वीर. बिनदाढीच्या पोराशी कोणी लढेना, म्हणून खोटी दाढी चिकटवून रणात उतरलेला. शेवटच्या लढाईत पोट फाटलं तेव्हा तो आधी तळ्यावर जाऊन पाणी प्यायला, मग आडवं पडून मरायचं नाही म्हणून एका उभ्या शिळेला स्वतःला पट्ट्याने बांधून घेतलं आणि उभ्या उभ्या प्राण सोडला. शत्रूंना पुढे यायचा धीर होईना. अखेर एक पक्षी येऊन त्याच्या खांद्यावर बसला, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. ऑलिव्हर शेपर्ड या शिल्पकाराने नेमका हा क्षण ब्राँझमध्ये पकडला, आणि १९३५ पासून तो पुतळा डब्लिनच्या मोठ्या पोस्ट ऑफिसात आहे. पोस्टात अशासाठी, की १९१६ च्या ईस्टरच्या बंडात बंडखोरांचं ठाणं तिथेच होतं, आणि त्यांचा पुढारी पॅट्रिक पीअर्स हा शाळामास्तर आपल्या विद्यार्थ्यांना याच कू-खुलिनच्या गोष्टी सांगत आलेला होता. गेली नव्वद वर्षं एक वीर पोस्टात मरतो आहे आणि शेजारी लोक तिकिटांच्या रांगेत उभे आहेत. गंमत म्हणजे उत्तरेला, ज्यांना डब्लिनचं राज्य नको आहे त्यांनीही आपल्या गल्लीच्या भिंतीवर हाच वीर रंगवून घेतला, उल्स्टरचा राखणदार म्हणून. त्याची दोन्हीकडे हरकत नाही. मेलेला माणूस स्वभावाने फार समजूतदार होतो.

अडचण असते ती न मेलेल्यांची. आमच्या खानदेशात असा एक आहे.

अश्वत्थामा. द्रोणाचार्यांचा एकुलता एक मुलगा, सात चिरंजीवांतला पहिल्या नावाचा, सध्या मुक्काम सातपुडा. धडगावकडे, अक्राणी तालुक्यात, अस्तंबा नावाचं चार हजार फुटांहून उंच शिखर आहे. ते त्याचं घर, आणि तिथले लोक त्याला अस्तंबा ऋषी म्हणतात. पत्ता बदलण्याचे जेवढे प्रसंग या माणसावर आले तेवढे बदलीच्या नोकरीतल्या कारकुनावरही येत नसतील. १९०६ पर्यंत तो नुसता खानदेशात राहत होता. त्या वर्षी इंग्रजांनी जिल्ह्याचे दोन तुकडे केले, पूर्वेचा जळगावकडे आणि पश्चिमेचा धुळ्याकडे, आणि हा पश्चिम खानदेशात गेला. पुढे पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला, तसा तो धुळेकर झाला. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळं निघालं आणि अश्वत्थामा, जागचा न हलता, नंदुरबारकर झाला. हस्तिनापुराहून आलेल्या माणसाला हे सगळं क्रमाने समजावून सांगायचं म्हणजे चांगल्या तलाठ्यालाही घाम फुटेल.

जागचा न हलता हे आपलं बोलण्यापुरतं. तो एका जागी थांबतोय कुठे? जळगावच्या अंगाला, रावेर-यावलकडे विचारलं तर लोक पलीकडच्या असीरगडाकडे बोट दाखवतात. बऱ्हाणपूरजवळच्या त्या गडावर महादेवाचं देऊळ आहे, आणि पहाटे पुजारी जाण्याआधीच पिंडीवर कोणीतरी ताजं फूल वाहून गेलेलं असतं, असं म्हणतात. अकबराने महिनोन्‌महिने वेढा घालून १६०१ मध्ये हा गड फारुकी सुलतानांकडून घेतला. अश्वत्थाम्याला वर जायला दरवाजा लागत नसावा. अस्तंब्यापासून असीरगड म्हणजे सरळ रेषेत दोनशे किलोमीटरांहून जास्त, आणि सातपुड्यात सरळ रेषा फक्त नकाशावर असते. कपाळावर उघडी जखम घेऊन, एका फुलासाठी, एवढं चालायचं. वेळ भरपूर असलेल्या माणसालाच असल्या सवयी परवडतात.

भीमाचं तसं नाही. एरंडोल म्हणजेच महाभारतातली एकचक्रा नगरी असं आमच्याकडे मानतात, आणि जवळच पद्मालयाच्या रानात भीमकुंड दाखवतात. बकासुराला मारलं ते इथेच. बकासुराशी गावाचा ठराव असा होता की रोज गाडाभर अन्न, दोन रेडे, आणि ते घेऊन येणारा माणूस. भीम गाडा घेऊन गेला आणि मांडी ठोकून स्वतःच जेवायला बसला. राक्षस मागून पाठीत गुद्दे घालतो आहे, झाड उपटून आणतो आहे, आणि हा मान वळवत नाही. आधी समोरचं संपवतो. हिवाळ्यात केळीच्या बागेत बसून बामणोदच्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी हाणणारी मंडळी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना व्यासांच्या या वर्णनात अतिशयोक्ती सापडणार नाही. पण भीम जेवला, राक्षस मारला आणि द्रौपदीच्या स्वयंवराला निघून गेला. पाहुण्याने असं वागावं. अश्वत्थामा राहिला.

त्याने काय केलं हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सांगताना सगळेच आवाज थोडा खाली आणतात. युद्ध संपलेलं, रात्रीची वेळ, छावणी झोपलेली. तिच्यात शिरून त्याने द्रौपदीची पाचही मुलं मारली आणि नंतर उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर अस्त्र टाकलं. त्याच्या कपाळावरचा जन्माचा मणी काढून घेण्यात आला, आणि कृष्णाने शाप दिला: भटकत राहशील, एकटा, कोणी सोबतीला नाही, कोणी बोलायला नाही, अंगाला रक्तापुवाची दुर्गंधी येत राहील. व्यासांनी त्याला इथपर्यंत आणून सोडून दिलं. मणी निघालेल्या जागी जखम राहणार, ती ठणकणार, तिला तेल लागणार, हा पुढचा विचार तापी-नर्मदेच्या काठच्या बायकांनी केला.

तेव्हापासून तो तेल मागतो. रात्रीच्या वेळी सातपुड्याच्या वाटेवर कोणी उंचापुरा, कपाळाला फडकं गुंडाळलेला माणूस भेटला आणि तेल मागू लागला तर ओळखावं, अशी आमच्याकडची रीत. माझ्या आजीला त्याच्याबद्दल भीती अशी नव्हती. दारावर येणाऱ्या अनेकांपैकी तो एक, एवढाच तिचा हिशोब. लहानपणी मी तिला विचारलं होतं की तो खरंच आला तर काय करायचं. तिने चुलीतून मान वर न काढता सांगितलं, "देई टाक त्याले. आपलं काय जास?" द्रौपदीच्या मुलांचं काय, असं विचारायचं माझ्या मनात होतं, पण तिने तेवढ्यात तेलाची बरणी फडताळावर ठेवली आणि विषय संपला. शनिवारी शनीचं तेल मागायला डबा घेऊन येणारा एक म्हातारा होता. त्याच्या डोक्याला कायम मुंडासं असे. ते कपाळावर किती खाली आलंय हे मी खांबाआडून न्याहाळत बसे, आणि त्याने घाम पुसायला ते कधीतरी सोडावं म्हणून उन्हाळ्याची वाट पाही. आमच्याकडच्या उन्हाळ्यात, जेव्हा भुसावळचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो, तेव्हाही त्याने ते सोडलं नाही. माझी खात्री त्यामुळे वाढत गेली.

शाप भोगणारा, वय मोजता न येणारा पुराणपुरुष, आणि त्याची जगाकडे मागणी काय, तर तेल. राज्य नको, मणी परत नको, क्षमासुद्धा नको. महायुद्धातला उरलेला वीर गावोगावी फिरून पळीभर तेलावर येतो, हे करुण आहे की विनोदी, याचा निकाल मला आजवर लावता आलेला नाही.

आयरिश लोकांकडे याचा सख्खा भाऊ शोभावा असा एक म्हातारा आहे. ओशीन. फिन मॅक्कूल या वीराचा मुलगा, स्वतः वीर आणि कवी. सोनेरी केसांची एक राजकन्या पांढऱ्या घोड्यावरून आली आणि त्याला समुद्रापलीकडच्या चिरतारुण्याच्या देशात घेऊन गेली. तिथे त्याने तीन वर्षं काढली असं त्याला वाटलं. इकडे तीनशे उलटली होती. घरची आठवण आली म्हणून तो परतला. घोड्यावरून पाय खाली टेकायचा नाही, एवढीच अट. पण वाटेत काही माणसं एक धोंडा हलवायला धडपडत होती. त्याच्या डोळ्यांना ती फारच किरकोळ बांध्याची दिसली. मदतीला वाकला, खोगिराचा पट्टा तुटला, जमिनीला अंग लागलं आणि तीनशे वर्षं एकदम अंगावर आली. एवढ्यावर थांबली असती तर ही गोष्ट नुसती सुंदर झाली असती. पण आयरिश लोक तिथे थांबले नाहीत. त्यांनी त्या आंधळ्या, खंगलेल्या वीराला संत पॅट्रिकच्या मठात नेऊन ठेवलं, आणि तिथे तो जेवणावरून कुरकुर करू लागला. तुमच्या भाकरीच्या तुकड्याहून आमच्याकडचं वेलीचं पान मोठं असायचं, तुमच्या मांसाच्या तुकड्याहून आमच्या पाखराची तंगडी मोठी असायची. एकेकाळी सैन्याशी लढलेला माणूस आता ताटातल्या वाढपावर भांडतो आहे, आणि ज्याने देशाला नवा धर्म दिला तो संत मुकाट्याने ऐकून घेतो आहे.

साधारण १२०० च्या सुमारास रचलेल्या एका ग्रंथात याची थोरली आवृत्ती आहे. तिच्यात फिनच्या सैन्यातले उरलेसुरले म्हातारे पॅट्रिकला भेटतात आणि डोंगर, ओढा, टेकाड दिसेल तिथे थांबून तिथली गोष्ट सांगत सुटतात. पॅट्रिकला त्या इतक्या आवडतात की त्यालाच अपराधी वाटू लागतं: जपाचं काय? तेव्हा देवदूत येऊन सांगतात की ऐक तर खरंच, शिवाय लिहूनही घे. मग तो ब्रोकन नावाच्या आपल्या लेखनिकाला कामाला लावतो. देवदूतांनी कीर्तन सोडून गोष्टी ऐकायला परवानगी दिल्याचा एवढा स्वच्छ दाखला मला दुसरीकडे मिळालेला नाही.

पुढे या म्हाताऱ्यांनी काय काय केलं! १७६० च्या दशकात मॅक्फर्सन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने ओशीनच्या नावावर, बरंचसं पदरचं घालून, काव्यं छापली. ती नेपोलियनला इतकी भावली की आपल्या एका सेनापतीच्या मुलाचं नाव त्याने ओशीनच्या मुलावरून ऑस्कर ठेवलं, आणि तो मुलगा स्वीडनच्या गादीवर बसला. ऑस्कर वाइल्डच्या लांबलचक नावात ऑस्कर आहे आणि त्याला लागूनच फिनचं दुसरं रूप फिंगलही आहे. येट्सचं पहिलं मोठं काव्य, १८८९ चं, ओशीनच्याच भटकंतीवर. १९२६ मध्ये निघालेल्या एका राजकीय पक्षाने आपल्या नावात फिनची फौज घेतली. आज आयर्लंडात ओशीन हाक मारली तर शाळेच्या मैदानातून दोनतीन पोरं तरी वळून बघतील.

आमच्या अश्वत्थाम्याच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. खानदेशात भीमराव आहेत, अर्जुन आहेत, अभिमन्यू तर मधल्या काळात फारच झाले, कर्णाचंही पुनर्वसन झालं. बारशाला कोणी अश्वत्थामा नाव ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही. त्याची जयंती नाही, म्हणून वर्गणी नाही. चौक नाही, म्हणून चौकाच्या नावावरून तंटा नाही. आजच्या काळात एवढा निरुपद्रवी महापुरुष दुसरा दाखवा.

आणि तरी वाढदिवसाच्या दिवशी घरातल्या जुन्या माणसांना आठवण असेल तर पोराला पाटावर बसवतात, हातावर तीळ-गूळ घातलेलं दूध देतात आणि दीर्घायुष्यासाठी सात चिरंजीवांची नावं घेतात. त्यात पहिलं नाव याचं. आपण कोणाच्या आयुष्यातलं आयुष्य मागतो आहोत याची चौकशी कोणी करत नाही. पण ते दूध मला नेहमी अडवतं. कारण अश्वत्थामा लहान असताना द्रोणांच्या घरी गाय नव्हती. श्रीमंतांची मुलं दूध पिताना पाहून हा रडू लागला, तेव्हा सोबतच्या पोरांनी पाण्यात पीठ कालवून त्याला पाजलं, आणि दूध प्यायलो म्हणून तो अंगणात नाचला. पोरं हसली. बापाने ते पाहिलं. तिथून द्रोण जुन्या मित्राकडे, द्रुपदाकडे मदत मागायला गेले, अपमान होऊन परतले, आणि मग एकातून एक गुंतत थेट कुरुक्षेत्र. अठरा अक्षौहिणी सैन्याच्या मुळाशी उकरत गेलं तर एक रिकामा गोठा लागतो. ज्याला आयुष्यात पहिल्यांदा फसवलं ते दुधाच्या नावाने, त्याच्याच नावाने आपली मुलं दूध पितात; आणि निदान तेवढं तरी खरं असतं, पिशवीतलं का होईना.

इथेही आयर्लंड फार लांब नाही. त्यांच्या सगळ्यात मोठ्या वीरकथेची सुरुवात अंथरुणावर होते. कॉनॉटची राणी मेव्ह आणि तिचा नवरा आयलिल उशीला डोकं टेकवून बोलत पडले आहेत, आणि बोलता बोलता कोणाची मालमत्ता जास्त, यावर येतात. भांडी, दागिने, लुगडीलत्ते, मेंढ्या, घोडे, डुकरं, सगळं बाहेर काढून मोजलं जातं. बरोबरी. फक्त नवऱ्याकडे एक पांढऱ्या शिंगांचा बैल जास्त. तो मुळात जन्मला मेव्हच्याच कळपात, पण बाईच्या मालकीचं राहणं त्याला कमीपणाचं वाटलं म्हणून उठून नवऱ्याच्या कळपात गेला. मग तोडीस तोड म्हणून उल्स्टरमधला तांबडा बैल आणायला राणी फौज घेऊन निघते, आणि तिला आडवा येतो तो खोटी दाढी लावलेला पोर, कू-खुलिन. द्रोणांकडे एक गाय कमी, मेव्हकडे एक बैल कमी. पोळ्याच्या दिवशी आमच्या गावात कोणाची जोडी आधी वेशीतून जाणार यावर होणारे रुसवेफुगवे आठवले की राणीचं मुळीच चुकलं असं वाटत नाही.

या कथा ज्यांनी मेहनतीने छापून काढल्या त्यांत व्हिटली स्टोक्स नावाचा एक डब्लिनकर होता. माणूस जुन्या आयरिशचा गाढा पंडित, आणि नोकरी हिंदुस्थान सरकारच्या कायदे खात्यात. कू-खुलिनच्या मृत्यूची कथा त्याने संपादित केली ती इथल्या नोकरीत असतानाच. १८७७ ते १८८२ तो व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेमंत्री होता, आणि त्याच्या अखेरच्या वर्षी, १८८२ मध्ये, दुसऱ्याच्या शेतातून जाण्या-येण्याच्या आणि पाणी नेण्याच्या हक्कांचा कायदा झाला, जो अजून चालतो. धुळ्याच्या, अमळनेरच्या कोर्टाबाहेर वहिवाटीच्या वाटेसाठी तारखा घेत बसलेल्या शेतकऱ्यांना हे सांगायला हवं, की बैल पळवण्यावरून झालेल्या लढायांचा अभ्यास असलेला माणूस त्या वेळी खुर्चीवर होता. दिलासा मिळणार नाही, पण चहा होईपर्यंत वेळ बरा जाईल.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर एक जुनं प्रकरण आहे.

लोक मानतात की अश्वत्थामा कलियुगाच्या अंतापर्यंत भटकणार. कथेकरी तसं सांगतात, पुढे सिनेमावाल्यांनीही तेच धरलं. पण महाभारताच्या सौप्तिक पर्वात कृष्णाने शिक्षा सुनावली आहे ती तीन हजार वर्षांची. मुदत स्पष्ट आहे. आता आपल्याच पंचांगांचा हिशोब घ्या: कलियुग लागलं इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये, आणि युद्ध त्याच्या छत्तीस वर्षं आधीचं. त्यातून तीन हजार वजा करा. शिक्षा संपते इसवी सनापूर्वी १३८ च्या आसपास. इतिहासकार भारतीय युद्धाचा काळ वेगळा धरतात, पण शाप पंचांगाचा आहे तेव्हा सुटकाही पंचांगानेच मोजली पाहिजे. म्हणजे अजिंठ्याच्या घळीत पहिली लेणी कोरली जात होती त्या सुमारास, खानदेशाच्या दक्षिण सीमेवर छिन्नीचे आवाज येत असताना, उत्तर सीमेवरच्या या माणसाची मुदत भरली. त्याला कोणी कळवलं नाही. कृष्ण केव्हाच निजधामाला गेले होते, व्यास लिहून मोकळे झाले होते, आणि शापाच्या सुटकेचा हुकूम कोणी कोणाकडे न्यायचा याची व्यवस्था त्या काळी नसावी. एकवीसशे वर्षं तो जास्तीची भोगतो आहे.

धुळ्याला हे विशेष कळावं, कारण शिक्षा भोगणाऱ्यांची कदर या गावाला आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, समोर कैदी. आणि साने गुरुजी, जे स्वतःही कैदी, भराभर लिहून घेत होते. पॅट्रिकला ब्रोकन मिळाला तसे विनोबांना गुरुजी मिळाले, एवढंच की इथे देवदूतांच्या जागी जेलर होता. गीतेच्या पहिल्याच अध्यायात दुर्योधन आपल्या बाजूचे वीर मोजून दाखवतो, त्यात भीष्म, कर्ण, कृप यांच्याबरोबर अश्वत्थाम्याचं नाव आहे. त्या नावाचा माणूस त्याच जिल्ह्याच्या डोंगरात अजून शिक्षा भोगतो आहे, हे तिथल्या बराकीत बसलेल्या एखाद्या शहाद्या-तळोद्याच्या कैद्याला नक्की ठाऊक असणार. पुढे त्या बराकीतली सगळी माणसं सुटून घरी गेली. गुरुजींच्या हातचं ते पुस्तक देशभर गेलं. डोंगरातला तेवढा राहिला.

पण राहिला तो कसा, हे बघायला दिवाळीत तळोद्याकडे जावं. धनतेरसच्या सुमारास अस्तंब्याची यात्रा सुरू होते. भिल्ल, पावरा तरुणांचे जथे नवससायासांचं सामान बांधून पायी निघतात. चढ अवघड, वाट अरुंद, रात्री मशाली आणि आता बॅटऱ्या. गावाकडे लोक दिवे लावून घरात बसलेले असतात तेव्हा हजारो माणसं, ज्याच्याशी कोणी बोलू नये असा शाप होता, त्याच्याशी बोलायला डोंगर चढत असतात. पीक, मूलबाळ, दुखणीखुपणी, सगळं त्याच्या कानावर घालतात. रानात वाट चुकलेल्याला तो योग्य वाट दाखवतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. ज्याला स्वतःला कुठे जायचं हे ठाऊक नाही त्याच्याकडे हे काम कसं आलं, असला प्रश्न चढणीला कोणाला सुचत नाही. शापातलं एकटेपणाचं कलम सातपुड्याने असं वर्षानुवर्षं, कोणाशी वाद न घालता, पायी चालून रद्द केलं. भागवतात द्रौपदी म्हणते की याला सोडा, मी रडते तशी याची आई रडायला नको. पाच मुलं गमावलेल्या बाईने जे म्हटलं ते हस्तिनापूरने कितपत मनावर घेतलं कोण जाणे. अस्तंब्याने घेतलं.

आमच्या ओळखीचे तळोद्याकडचे एक गृहस्थ आहेत, तरुणपणी बऱ्याच वेळा वर जाऊन आलेले. त्यांच्यापुढे मी माझा हिशोब मांडला: तीन हजार वर्षं, पंचांग, इसवी सनापूर्वी १३८. त्यांनी आकडे शांतपणे ऐकले, बोटांवर एकदा मोजूनही पाहिले.

"मग सुटला म्हणायचा," ते म्हणाले.

"सुटला. पण त्याला कोणी सांगितलेलं नाही."

"सांगून जाईल कुठे? तिकडे हस्तिनापुरात आता त्याचं कोण आहे?"

मी म्हटलं, ते खरं, पण माणसाला आपली मुदत कळायला नको का. राहायचं तर मर्जीने राहील. हा मुद्दा त्यांना पटल्यासारखा दिसला. त्यांनी तंबाखू मळली, माझ्या पायातल्या चपलांकडे पाहिलं, मग गुडघ्यांकडे, आणि म्हणाले, "सांगायला हरकत नाही. पण यायचं तर धनतेरसला या, भाऊ. एरवी वर कोणी भेटत नाही."